तळटीप ३५१

परवा एका मैत्रिणीने सहज विचारलं, "तुमच्यात घटस्फोट घेतला की कम्युनियन बंद ना गं?" मी "हो, म्हणजे नाही, म्हणजे तसं नाही" असं काहीतरी पुटपुटले आणि विषय बदलला. नंतर चुटपुट लागून राहिली. म्हणून ही पोस्ट. लांबणार आहे, आधीच सांगते.

तर आम्हा कॅथलिकांत घटस्फोटाने कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये ख्रिस्ताचं शरीर म्हणून दिली जाणारी भाकर घेणं, बंद होत नाही. नवरा सोडून गेला, कोर्टातून घटस्फोट झाला, बाई एकटी राहते, तर तिने खुशाल ख्रिस्तशरीर स्वीकारावं. गाडं अडतं ते पुढे. पहिला जोडीदार हयात आहे, पहिलं लग्न चर्चच्या लेखी शाबूत आहे, आणि तरी दुसरं लग्न केलं, की मग. ही गोष्ट कित्येक कॅथलिकांनाही धड ठाऊक नसते. कोर्टाचा कागद हातात पडल्यापासून कम्युनियनला जायचं सोडून दिलेली माणसं आहेत, ज्यांना कुणी अडवलेलंच नव्हतं.

मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या आमच्या उपासनेत, एक वेळ येते जेव्हा सगळे रांगेने वेदीकडे जातात. आमच्या श्रद्धेत ती भाकर म्हणजे नुसती खूण नव्हे, साक्षात ख्रिस्त. जो जात नाही त्याला बाकावर गुडघे बाजूला घेऊन बाकीच्यांना वाट करून द्यावी लागते, आणि ते सगळ्यांना दिसतं. मी ज्यांना आंटी म्हणते त्या बाई वीसेक वर्षं अशी वाट देत आल्यात. हल्ली त्या बाकाच्या अगदी आतल्या टोकाला बसतात, म्हणजे कुणाला त्यांना ओलांडावं लागत नाही.

त्यांचा पहिला नवरा दोन लहान मुलं टाकून निघून गेला. काही वर्षांनी एका भल्या माणसाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. मुलं त्यानेच वाढवली. "मग अॅनलमेंट का नाही घेत?" हा प्रश्न त्यांना शंभरदा विचारून झालाय. अॅनलमेंट म्हणजे चर्चचा घटस्फोट नव्हे. ते लग्न मुळात लागलंच नव्हतं, संमतीतच खोट होती, असा चर्चच्या न्यायालयाचा निर्णय. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ही प्रक्रिया बरीच सोपी केली, एका निकालावर दुसऱ्या न्यायालयाचं शिक्कामोर्तब लागायचं तेही काढून टाकलं. पण आंटींचं म्हणणं एकच. "लागलंच नव्हतं असं मी कसं सांगू? मी तर खरंच केलं होतं."

म्हणजे बघा. पहिल्या लग्नाला खरं मानणारी बाई बाकावर. वकिली डोकं चालवून काही पुरावा उभा करणारा रांगेत. (सगळे तसे नसतात, कित्येक लग्नं खरोखरच पोकळ असतात, हे मान्य.)

आता नियम कुठून आला? थेट येशूच्या तोंडून. मार्कच्या शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायात तो म्हणतो, बायकोला टाकून दुसरी करणारा व्यभिचार करतो, आणि नवऱ्याला टाकणाऱ्या बाईलाही तेच लागू. मत्तयाच्या पुस्तकात एक अपवाद येतो, त्याच्या अर्थावरून आजतागायत वाद आहेत. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स चर्चेस पश्चात्तापाच्या प्रार्थनांसह दुसरं लग्न लावून देतात. ट्रेंट इथल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने १५६३ साली कॅथलिक भूमिका ठणकावून मांडली, पण शब्द असे जपून निवडले की ग्रीक ऑर्थोडॉक्सांच्या या रीतीवर थेट धिक्कार येऊ नये. व्हेनिसच्या ताब्यातल्या बेटांवर ग्रीक प्रजा होती, तिला दुखवायचं नव्हतं.

खरी मेख आहे १९८१च्या दस्तऐवजात. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 'फामिलियारिस कॉन्सोर्तियो'त सांगितलं, दुसरं लग्न केलेल्यांना कम्युनियन नाही. पण त्यांनी एक वाट ठेवली. मुलांच्या संगोपनासारख्या गंभीर कारणाने वेगळं होता येत नसेल, तर दोघांनी एका घरात राहावं, मात्र पतिपत्नीसारखं नाही, भावाबहिणीसारखं. मग पापनिवेदन करून कम्युनियन मिळू शकतं.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा हसू आलं. मग वाचत गेले तसं लक्षात आलं की यात हसण्यासारखं फार थोडं आहे. एका घरात राहणं, एकमेकांचं आजारपण काढणं, एका ताटाशी बसणं, म्हातारपण वाटून घेणं, हे सगळं चर्चने चाळीस वर्षांपूर्वीच मान्य केलंय. वेगळं होणं कधीकधी नवा अन्याय ठरेल हेही मान्य. उरला फक्त शेजघराचा दरवाजा. इतका मोठा सिद्धांताचा वाद प्रत्यक्षात त्या एका दरवाज्याशी येऊन थांबतो. आणि त्या दरवाज्याआड दोन माणसं असतात. तिने श्रद्धेपोटी संयम ठरवला आणि त्याला ती श्रद्धाच नसली तर? तिने हेही घर मोडायचं?

१९९३ मध्ये तीन जर्मन बिशपांनी, त्यात वाल्टर कास्पर होते, काही जोडप्यांना सद्सद्विवेकाने निर्णय घेऊ द्यावा असं सुचवलं. पुढच्याच वर्षी कार्डिनल (पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी) रात्सिंगर यांच्या, रोममधल्या सिद्धांत सांभाळणाऱ्या खात्याने नकार कळवला. तेच कास्पर २०१४ साली, आता कार्डिनल म्हणून, फ्रान्सिस यांच्या बोलावण्यावरून कार्डिनलांपुढे पुन्हा तोच विषय घेऊन उभे राहिले. बिशपांच्या दोन सभा, म्हणजे सिनॉड, झाले. २०१५च्या सिनॉडमध्ये अहवालातल्या कळीच्या ८५व्या परिच्छेदाला १७७ मतं हवी होती, १७८ पडली. एका मताने तरला, आणि त्या परिच्छेदात कम्युनियन हा शब्दच नव्हता!

मग एप्रिल २०१६ मध्ये फ्रान्सिस यांचा कुटुंबाविषयीचा दस्तऐवज, 'आमोरिस लेतित्सिया', आला. आठव्या अध्यायात फ्रान्सिस म्हणतात, वरवर पापाच्या दिसणाऱ्या परिस्थितीतला माणूसही देवाच्या कृपेत असू शकतो, कारण परिस्थितीने दोष कमी होतो. चर्चने त्याला मदत करावी. आणि खाली, तळटीप ३५१ मध्ये: काही बाबतींत ही मदत संस्कारांचीही (पापनिवेदन, कम्युनियन यांसारख्या चर्चच्या विधींची) असू शकते.

एवढंच. शतकानुशतकांचा प्रश्न आणि उत्तर तळटिपेत. त्याच महिन्यात लेस्बॉस बेटावरून परतताना विमानात पत्रकारांनी या तळटिपेबद्दल विचारलं, तर पोपमहोदय म्हणाले, मला ती आठवत नाही.

माझं मत सांगते. मला फ्रान्सिस यांचं म्हणणं पटतं. कम्युनियन हे निर्दोषांचं बक्षीस नाही, दुबळ्यांचं औषध आहे, हे त्यांनी २०१३ सालीच लिहिलं होतं आणि मी त्यावर विश्वास ठेवते. माझी तक्रार आहे ती बारीक अक्षरांबद्दल.

चार कार्डिनलांनी २०१६ मध्ये या दस्तऐवजाबद्दल पोपना पाच प्रश्न लेखी पाठवले, उत्तर आलं नाही, म्हणून ते जाहीर केले. त्यांना कडवे म्हणून हिणवण्यात आलं. त्यातले दोघे, माइस्नर आणि काफारा, पुढच्या वर्षी वारले. त्यांची भूमिका मला पटत नाही, पण प्रश्न सरळ होते आणि सरळ उत्तराच्या लायकीचे होते. त्याच सुमारास अर्जेंटिनातल्या बिशपांना मात्र पोपनी पत्र लिहून कळवलं की तुम्ही लावलेला अर्थच (काहींना कम्युनियन मिळू शकतं) बरोबर, दुसरा अर्थ नाही. मग सगळ्यांनाच सांगायचं होतं ना! २०२३ मध्ये चेक कार्डिनल दुका यांच्या याच विषयावरच्या प्रश्नांना रोमने उत्तर दिलं, तेव्हा पुन्हा त्याच पत्राकडे बोट दाखवलं.

मधल्या काळात फिलाडेल्फियाच्या आर्चबिशपांनी नियम काढला की भावाबहिणीसारखं राहत असाल तरच या. माल्टाच्या बिशपांनी लिहिलं की प्रामाणिक आत्मपरीक्षणानंतर देवाशी समेट झाल्याची खात्री असेल तर अडवता येणार नाही. तेच पाप, तोच ख्रिस्त, बिशप तेवढा वेगळा.

विरोधकांचा एक मुद्दा मात्र माझ्या गळ्यात अजून अडकलेला आहे. सैद्धांतिक मुद्दे सोडा. समजा, आंटींसारखीच टाकलेली दुसरी बाई. तिलाही कुणी भला माणूस भेटला होता. तिने नाही म्हटलं, का, तर लग्नात दिलेला शब्द. आयुष्य एकटीने काढलं. आता तिला काय सांगायचं? की बाई, एवढं करायची गरज नव्हती? तिच्या एकटेपणाला चर्चने इतकी वर्षं निष्ठा म्हटलं. मी यावर खूप विचार केलाय. आंटींना मिळालं म्हणून तिचं काही जात नाही, असं मी स्वतःला समजावते. पण हे मी तिच्यासमोर बसून म्हणू शकेन का? छातीठोकपणे नाही.

आणि तरीही, तिच्या निष्ठेचा मान राखायला आंटींनी बाकावर बसून राहायला हवं, हे मला पटत नाही.

गेल्या महिन्यात मी आंटींना ती तळटीप वाचून दाखवली. मराठीत समजावून सांगितली.

"तळटीप म्हणजे?"

"खाली बारीक अक्षरात लिहितात ते."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे फादरांना विचारायला हवं."

"विचारा ना."

"कुठल्या फादरांना?"