"हिंमत असेल तर सगळं जमतं" हे वाक्य मी मागे घेतेय

ताई, माझ्या लेखावरची तुमची कॉमेंट काल रात्री वाचली आणि लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण रागाच्या भरात काहीतरी लिहिलं गेलं असतं म्हणून थांबले. आज सकाळी परत दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की चाळिशीत अकाउंट्सचं पक्कं काम सोडून मी ट्रेनिंगच्या टीममध्ये गेले त्याचं उगाच कौतुक चाललंय, नवऱ्याचा पगार पाठीशी असताना घेतलेली रिस्क ही रिस्कच नाही, आणि "हिंमत असेल तर सगळं जमतं" हे वाक्य एकटीच्या पगारावर घर चालवणाऱ्या बाईला ऐकवणं म्हणजे तिच्या जखमेवर मीठ चोळणं आहे.

यातलं शेवटचं मला पूर्ण पटलं. नवऱ्याच्या पगाराचा उल्लेख त्या लेखात यायलाच हवा होता. तो आला नाही ही माझी चूक.

पण रिस्क नव्हतीच हे मात्र मला मान्य नाही. पैशाची नव्हती, खरंय. तेरा वर्षं एकाच टेबलावर काढल्यावर कुणाचंही बिल अडलं की लोक माझ्याकडे यायचे, मला विचारलं की उत्तर मिळणारच ही माझी ओळख होती आणि ती मी पणाला लावली होती. पहिल्या सेशनला बावीस जण समोर, चौथ्या स्लाइडला एका नवीन मुलाने साधा प्रश्न विचारला आणि मला उत्तर येईना. हातात मार्कर होता, त्याचं टोपण मी काढतेय लावतेय, काढतेय लावतेय, आणि ती टक टक अख्ख्या खोलीत ऐकू येतेय. शेवटी म्हटलं, "मला माहीत नाही, बघून सांगते." तेरा वर्षांत हे वाक्य मी ऑफिसमध्ये कधी उच्चारलं नव्हतं ताई. घरी गेल्यावर कुणाशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर शोधून त्या मुलाला मेल केला, तर तो स्वतः येऊन अजून दोन शंका विचारून गेला. माझं मन तिथे लागायला लागलं ते त्या दिवसापासून. सुरुवातीला मोटिव्हेशन वगैरे काही नव्हतं, नुसती भीती होती, गोडी काम करता करता लागली.

आत्मविश्वासावर काम करणारे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ सालीच मांडलंय की "हे मला जमेल" असं वाटायला सगळ्यात जास्त बळ मिळतं ते आपण स्वतः करून बघितलेल्या गोष्टीतून, दुसऱ्याचं बघून त्याहून कमी, आणि कुणी नुसतं "तुला जमेल गं" म्हटलं तर त्याचा असर फार टिकत नाही. म्हणजे मी लेखात जे दिलं ते सगळ्यात कमी उपयोगाचं होतं, आणि जे उपयोगाचं होतं ते लिहिलंच नाही.

ते आता सांगते. टीम बदलायच्या आधी सात महिने मी जुनं काम सांभाळून दर शनिवारी नवीन लोकांना एक तास शिकवत होते. त्यात पडले असते तरी तासाभराचंच नुकसान होतं. आणि साहेबांनी तोंडी म्हटलेलं की सहा महिन्यांत नाही जमलं तर परत ये, ते मी मेलवर लिहून मागितलं. मेल टाइप करून पाठवायला मला चार दिवस लागले, कारण वाटत होतं की हे मागितलं तर म्हणतील हिचा स्वतःवरच विश्वास नाही. साहेबांनी दोन ओळींत "ओके" लिहून पाठवलं. लेखात हे गाळलं कारण हे लिहिलं की मी तेवढी धाडसी दिसत नाही, आणि मला धाडसी दिसायचं होतं.

कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवलं की तेवढीच रक्कम मिळाल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचं दुःख माणसाला जास्त लागतं. पण तुमच्या बाबतीत हे नुसतं मनाचं नाहीये, एक पगार चुकला तर काय होईल हा तुमचा हिशोब बरोबरच आहे, त्याला घाबरटपणा म्हणायचा मला अधिकार नाही. त्यामुळे नोकरी सोडा असं मी तुम्हाला सांगणार नाही. आठवड्यातला तो एक तास मात्र तुम्हालाही काढता येईल का, हे विचारावंसं वाटतं, आणि घरचं सगळं बघून तोही निघत नसेल तर तसं स्पष्ट लिहा, मी वाद घालणार नाही.

लेखातलं ते वाक्य आज काढलंय. त्या जागी शनिवारचं, त्या मेलचं आणि नवऱ्याच्या पगाराचं लिहिलंय. तुमची कॉमेंट खाली तशीच राहील. तुम्ही शेवटी लिहिलंत की "मलाही एक काम करून बघायचं होतं", पण कोणतं ते सांगितलं नाहीत. ते सांगाल का?