वास आला तरी वहीत लिहू नका

नाशकात नदीकाठी राहत असाल, म्हणजे गंगापूर रोडच्या ‘रिव्हर व्ह्यू’ काठाला नव्हे, शिवाजीवाडी-भारतनगरच्या काठाला, तर दोन गोष्टी तुमच्या हिताच्या सांगतो.

आधी नदीला नासर्डी म्हणणं सोडा. तिचं नाव नंदिनी. नावाचं काम उरकलं, पाण्याला अजून कोणी कळवलेलं नाही इतकंच. समर्थांनी टाकळीला, नंदिनी गोदेला मिळते तिथे, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून 12 वर्षं जप केला म्हणतात. तुम्ही आज 12 मिनिटं उभे राहून दाखवा, भक्तीत आपण कुठे आहोत ते कळेल.

सिंहस्थाची आशा धरू नका. 2027 ला साधू येतील, पाहुणे येतील, गंगापूर धरणातून पाणी सुटेल. पण ते रामकुंडासाठी. तुमची नंदिनी गोदेला मिळते रामकुंडाच्या खाली. पुण्य वर, तुम्ही खाली. ही भूगोलाची चूक, कोणाची नव्हे.

रात्री साडेअकराला नाल्याला फेस आला, तर कूस बदला. तक्रार केलीच, तर पहिल्या कार्यालयात सांगतील, हे घरांचं मलजल, आमचा विषय नाही. दुसऱ्यात सांगतील, हे कारखान्यांचं, तिकडे जा. दोन्ही ठिकाणी खरं तेच सांगतात, म्हणून तर भांडता येत नाही. आणि बाटली भरून नेऊ नका. 1974 च्या पाणी कायद्यानुसार नमुना अधिकाऱ्यानेच घ्यायचा, जागा ज्याच्या ताब्यात त्याला तिथल्या तिथे नोटीस देऊन, दोन भाग करून, सील लावून. तुमची बाटली म्हणजे घाण पाण्याची बाटली. अधिकारी येईपर्यंत फेस ओसरलेला असतोच, फेसाला कुठे आपलं कौतुक!

सगळ्यात मोठं पथ्य: आमच्या गल्लीतल्या मावशींसारखं वागू नका. त्यांनी किराणा उधारीची शंभर पानी वही उलटी धरून मागून सुरू केली. उभ्या रेघा मारून चार रकाने: तारीख, वेळ, रंग, वास. वासाच्या रकान्यात ‘सडकी अंडी’, ‘फिनेल’, एका पानावर ‘नेलपॉलिश’, ते त्यांच्या नातीच्या अक्षरात. मग शेजारणींनी वार वाटून घेतले. मंगळवारी धुणंवाल्या ताई, गुरुवारी पोळ्यावाल्या. ज्यांना सकाळी पाचला उठून कामावर जायचं, त्या बायका रात्री नाल्यावर टॉर्च मारत उभ्या. बरं दिसतं का हे?

आता या वहीपायी काय झालं बघा. वहीत दिसलं की फेस बहुतेक शनिवारी रात्रीच येतो, कारण रविवारी कार्यालय बंद. म्हणजे कार्यालयातल्या साहेबांना ठाऊक नव्हतं असं नाही. मावशींना ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. कोणीतरी साहेबांच्या कानात 60 दिवसांच्या नोटिशीचंही घातलं: तेवढी मुदत देऊन साधा माणूसही त्याच पाणी कायद्याखाली कोर्टात जाऊ शकतो. तेव्हापासून साहेब खुर्ची देतात, चहा मागवतात. परवा म्हणाले, “मावशी, वही इथेच ठेवून जा ना, बघून घेतो.”

मावशींनी वही पिशवीत टाकली. “समोर झेरॉक्सचं दुकान आहे साहेब. पानाला दोन रुपये. सुट्टे आणा.”