पेट्या धूळ खातात म्हणून संगीत बंद करायचं?

‘सरकारी शाळांतले संगीत-चित्रकलेचे तास बंद करा, तो पैसा गणित-विज्ञानाला द्या’ हा पाच मुद्द्यांचा फॉरवर्ड सध्या ग्वाल्हेरच्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. आमच्या वहिनी शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत. त्यांनीही ‘पटतंय’ म्हणून तो पुढे ढकलला, मग लिहिणं भागच झालं.

‘कला घराण्यात असते, शाळेत येत नाही.’ आणि हे ग्वाल्हेरात बसून लिहायचं! ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशांकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गाणं शिकले. त्यांच्या शिष्याने, विष्णू दिगंबर पलुसकरांनी, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. १९१८ मध्ये ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंद्यांनी संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या मदतीने इथेच माधव संगीत महाविद्यालय उघडलं. घराण्याबाहेरच्यांना शिकता यावं म्हणूनच ना?

‘यूट्यूबवर सगळं फुकट मिळतं.’ पाचांतला सगळ्यात अडाणी मुद्दा हाच. तबल्यावरचा साधा ‘ना’ घ्या. अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला नुसती टेकवायची आणि तर्जनीने चाटेवर, म्हणजे कातड्याच्या बाहेरच्या किनारीवर, आघात करायचा. नवखं मूल हमखास अनामिका दाबून धरतं, की आवाज बसलाच. ती उचलली तर नको ती आस, म्हणजे लांबणारा नाद, घुमते. मनगट ताठ असेल तर बोट आघातानंतर चाटेवरच चिकटून राहतं. तिन्ही चुका मुलाच्या कानाला सारख्याच वाटतात, कारण बरोबर ‘ना’ त्याच्या हातून अजून एकदाही निघालेला नसतो. शेजारी बसलेला मास्तर मनगट धरून सैल करतो, बस. व्हिडिओतल्या उस्तादांना तुमच्या मुलाचं बोट कुठून दिसणार? शिवाय पावसाळ्यात पुडी (तबल्यावर मढवलेलं कातडं) ओल धरते, स्वर उतरतो. मग गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या वेणीवर) वरून हातोडी मारायची की गट्टे (बाजूचे लाकडी ठोकळे) खाली सरकवायचे, हे कोण ठरवणार? उतरलेल्या तबल्यावर वर्षभर बडवलेल्या मुलाचा कान बिघडतो, तो वेगळाच.

‘पेट्या-तबले धूळ खात पडतात.’ हे मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य. पण का पडतात? खरेदीला एकदा पैसे येतात; दुरुस्तीला नाहीत, शिकवणाऱ्याला तर नाहीतच. पेटी वर्षभर बंद राहिली की तिचे सूर, म्हणजे आतल्या धातूच्या वाजणाऱ्या जिभा, धूळ धरून मुके होतात. पट्टी खाली दाबून सुराच्या पातळ जिभेखालून कागदाची पट्टी फिरवली तर बरेचसे बोलू लागतात. ओलीने लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात. उंदीर भाता कुरतडतात. ही कामं रोज पेटी उघडणारा माणूसच करतो. आणि तो माणूस कायद्यातच लिहिलेला आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ ची अनुसूची काढून वाचा: सहावी ते आठवीत पट शंभराच्या वर असेल तर कलाशिक्षण, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना अर्धवेळ शिक्षक हवेत. म्हणजे कुणी मेहेरबानी करत नाहीये.

‘गणिताचे तास जातात.’ त्याच अनुसूचीत या वर्गांना वर्षाला १००० तास अध्यापन सांगितलंय. आठवड्याला ४० मिनिटांच्या दोन तासिका, वर्षाचे ३६ आठवडे, म्हणजे ४८ तास. पाच टक्केसुद्धा नाहीत. (आपल्या बाजूच्यांनीही ‘गाण्याने गणितात मार्क वाढतात’ हे पालुपद आता सोडावं. ते सिद्ध झालेलं नाही, आणि त्याची गरजही नाही.)

‘कलेने पोट भरत नाही.’ सातवीच्या भूगोलाने कुणाचं भरलंय?

वहिनी, शाळा विकास आराखडा तुमच्याच समितीने करायचा असतो, कलम २२. त्यात सहावी ते आठवीचा पट लिहा, कलेचा अर्धवेळ शिक्षक मागा, आणि वाद्यखरेदीच्या खाली दुरुस्तीची वेगळी ओळ घाला: पुडी बदलणे, पेटीची साफसफाई, भात्याची डागडुजी. पावसाळा संपल्यावर लगेच.