गावाचा जन्मदाखला

गावात जन्मलेल्या प्रत्येक पोराची नोंद ग्रामसेवक करतो. खुद्द गाव जन्मलं तेव्हा मात्र ग्रामसेवक नव्हता. ही उणीव शेकडो वर्षं कुणालाही जाणवत नाही. मग एखाद्या ग्रामसभेत पाण्याच्या टाकीचा विषय तापायला लागतो आणि कुणीतरी उठून म्हणतं, "आपल्या गावाचा वर्धापनदिन का करू नये?" टाळ्या पडतात, टाकी मागे पडते. सभेला 15 टक्के मतदार किंवा 100 माणसं, यांतला जो आकडा कमी तो लागतो, तेवढेही नसतात. सभा तहकूब होते. तहकूब सभेला कोरमची अट नसल्याने पुढल्या खेपेला ठराव एकमताने मंजूर होतो आणि इतिहास समिती नेमली जाते: शाळेचे मास्तर, एक निवृत्त पोस्टमन आणि ज्याच्या माळ्यावर जुनी पेटी आहे असा कुणीतरी. माझी सहानुभूती कायम या तिघांकडे असते, कारण यापुढे बाकीचं गाव फक्त "तारीख मिळाली का?" एवढंच विचारणार असतं.

पहिली तारीख फुकट मिळते, ती ग्रामपंचायतीच्या पाटीवर असते. पण 1958 चा ग्रामपंचायत कायदा 1 जून 1959 पासून अमलात आला, आणि त्याआधी गाव काय हवेत तरंगत होतं? पाटी बाद. मग कुणीतरी इंग्रजी अमदानीतलं गॅझेटियर सुचवतं. 1880च्या दशकात पुणे, सातारा, नगर, सोलापूर अशा जिल्ह्यांचे जाड खंड निघाले. त्यात गावाला चार ओळी मिळायच्या तर देऊळ, किल्ला किंवा आठवडे बाजार यांपैकी काहीतरी हवं. आपल्या गावाचं नाव सापडलंच तर इंग्रजी स्पेलिंगमुळे ते शेजारच्या गावाचं वाटतं. आणि शेजारच्या गावाचं सापडलं, तर आपली मंडळी ते आपलंच म्हणून वाचतात. बुद्रुक आणि खुर्द अशी जोडगावं असतील तर हा वाद तंटामुक्त समितीपर्यंत जातो.

खरा माल मोडी लिपीत असतो. पेटीतली सनद किंवा पुण्याच्या पेशवे दफ्तरातला कागद. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग बोरू शक्य तो न उचलता अक्षरं लोंबकळवायची, अशी रीत. शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने ठरवायचं, ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा लिहिणाऱ्याने केलेली नसते. मोडी वाचणारा मिळाला की समितीला वाटतं, गड सर झाला. कागदावर साल असतं: 'इसन्ने सबैन मया व अलफ'. दोन, सत्तर, शंभर, हजार. अरबी आकडे, एकम आधी. म्हणजे 1172.

इथून पुढे खरी गंमत. हा शुहूर सन, म्हणजे जुन्या कागदांतली एक कालगणना, मृगापासून सुरू होणारी. जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. म्हणजे 1771-72. पण समितीतला एकजण त्याला फसली, म्हणजे महसुली सन, समजून 590 मिळवतो आणि 1762 काढतो. दुसरा मोबाईलवर हिजरीचं कोष्टक उघडतो, तिथे 1172 म्हणजे 1758-59. एकाच कागदातून तीन वाढदिवस निघतात. शास्त्रानं पाहिलं तर पहिलं उत्तर बरोबर. पण निवडलं जातं ते, ज्याची अडीचशे किंवा पावणेतीनशे वर्षं चालू सरपंचांच्या पाच वर्षांत भरतात.

बरं, इतकं करून कागदात असतं काय? 'अमुक मुहूर्तावर गाव वसविले' असं सहसा नसतं. असतं ते 'मौजे मजकूरचा वसूल राहिला आहे', नाहीतर दोन भाऊबंदांचा पाटीलकीवरून कज्जा. म्हणजे गाव इतिहासात पाऊल टाकतं तेच थकबाकीदार म्हणून. आता ज्या गावाची बाकी राहिली ते त्याआधी वसलेलं असणारच. ज्या पाटीलकीवरून भाऊ भांडतात ती दोन-चार पिढ्या जुनी असणारच. कागदाने कळतं ते इतकंच, की त्या दिवशी गाव होतं. या वाक्यावर मांडव घालता येत नाही, हे मला मान्य आहे.

मग लक्ष दगडांकडे वळतं. वेशीजवळ वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड, असते: खाली लढाई, वर वीराला स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवपूजा. तिच्यावर बहुधा लेख नसतो, आणि असला तर त्यात दर वर्षीच्या यात्रेत चोपडलेला ऑइलपेंट भरलेला असतो. उत्साही तरुण तारेचा ब्रश आणि ॲसिड घेऊन धावतात; त्यांना आधी अडवावं. साधं पाणी, मऊ ब्रश, आणि अंधार पडल्यावर मोबाईलची बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने मारायची. तिरप्या उजेडात खोदलेल्या अक्षरांत सावली साठते आणि दिवसभर सपाट वाटलेला दगड बोलायला लागतो. समोरून फ्लॅश मारला की पुन्हा गप्प.

गधेगळ निघाली तर मात्र जरा सांभाळून. वर चंद्रसूर्य, मध्ये लेख, आणि खाली गाढवाचं जे चित्र असतं ते दान मोडणाऱ्याला दिलेली सचित्र शिवी आहे. अलिबागजवळच्या अक्षीचा शके 934 चा, म्हणजे 1012 सालचा, मराठी लेख अशाच दगडावरचा. अभ्यासाला अनमोल, पण पाहुण्यांच्या हस्ते अनावरण करायला आणि फ्लेक्सवर चढवायला अवघड.

सर्वात जुना पुरावा गावाच्या पांढरीतच, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीतच असतो. खापरं, राख, मातीचे मणी. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला उत्खननात इसवी सनापूर्वी 1600 च्या सुमाराची वस्ती निघाली. त्यांनी वर्धापनदिन करायचा ठरवला तर केकवर मेणबत्त्यांना जागा पुरणार नाही. पक्की तारीख सांगता येते ती उजनी-कोयनेच्या पाण्यामुळे उठलेल्या किंवा 1993 च्या भूकंपानंतर नव्याने वसलेल्या गावांना, आणि त्या दिवशी तिथे कुणी बँड लावावा असं मला वाटत नाही.

तोवर स्मरणिका छापायला जायची वेळ झालेली असते. जुने फोटो व्हॉट्सॲपवरून येतात. आठ इंच रुंद फोटो नीट छापायला 2400 पिक्सेल लागतात. आलेल्या फोटोत आजोबांचा फेटा चौकोनी दिसतो. घरोघर जाऊन मूळ फोटो स्कॅन करावा, मागे पेन्सिलीने नावं लिहून घ्यावीत, तिथल्या तिथे परत करावा. 'उद्या देतो' म्हटलेला फोटो परत जात नाही. पानं सोळाच्या पटीत ठेवावीत. 65 पानं झाली की छापखाना पुढचा फॉर्म लावतो आणि उरलेली 15 पानं शुभेच्छांनी भरतात. तशीही ती भरायचीच असतात.

राहता राहिली कोनशिला. त्यावर समितीने कच्चा मजकूर दिलेला असतो: 'कागदोपत्री पहिला उल्लेख, सन 1771-72'. कोरणारा सांगतो, दगड दोन बाय तीन फुटांचा, मान्यवरांची नावं एकोणीस, काहीतरी कमी करा. मान्यवर कमी होत नाहीत. आधी 'कागदोपत्री' जातं, मग 'पहिला उल्लेख', आणि शेवटी जागा उरते तेवढ्यात बसतं ते 'स्थापना 1771'.