हिऱ्याखालची रेघ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. लॉजिक सर्किटच्या ड्रॉइंगमधल्या खुणांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया उशिरा पाहिली, माफ करा. तुमचे आक्षेप दोन. एक, हिऱ्याखाली रेघ असलेल्या खुणेला मी थ्री-स्टेट म्हटलं, ते चूक. दुसरा, गेटच्या चौकटीत & (अँड) नि ≥१ (ऑर) लिहायची ही पद्धत पोरांच्या माथी कशाला मारायची? बूलियन, म्हणजे शून्य-एकचं, समीकरण आलं की सर्किट वाचता येतं.

पहिला बिनशर्त मान्य. हिऱ्याखाली रेघ म्हणजे ओपन कलेक्टर : आउटपुट नुसता खाली ओढतो, वर ढकलत नाही. थ्री-स्टेटला, म्हणजे शून्य, एक किंवा चक्क सुटा राहू शकणाऱ्या आउटपुटला, खाली टोक केलेला त्रिकोण. नावं लिहिताना अदलाबदल झाली. लेख दुरुस्त केलाय.

दुसरा मात्र पटत नाही, आणि कारण त्याच हिऱ्यात आहे.

७४०४ आणि ७४०६ हे दोन इन्व्हर्टर (उलटं करणारे) आयसी घ्या, दोन्हींचं समीकरण एकच. आत शून्य, बाहेर एक. पण हा ‘एक’ देतो कोण? ७४०४ स्वतः देतो. ७४०६ ओपन कलेक्टर, तो नुसता ग्राउंडकडे ओढतो. वर ओढायला बाहेरून रेझिस्टर लागतो. म्हणून तर स्वतः ५ व्होल्टवर चालणारा हा आयसी आउटपुटला ३० व्होल्टपर्यंत सोसतो. समीकरणात यातलं काय दिसतं?

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका कारखान्यातलं पॅकिंग मशीनचं कार्ड माझ्याकडे आलं होतं. ७४०६ ची १ नंबरची पिन शून्यावर, म्हणजे २ नंबरवर १२ व्होल्ट हवेत. मीटर शून्याच्या आसपास. आयसी बदलला, तेच. दुकानदाराला मनातल्या मनात दोन शिव्या घालून महाराणी रोडवरून दुसरा आणला. तरी तेच! मग ड्रॉइंग नीट पाहिलं : हिरा, खाली रेघ. तिथून बोट फिरवत गेलो तो ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरवर. भिंग लावलं तेव्हा त्याच्या एका पायाभोवती सोल्डरला केसाएवढी गोल चीर दिसली. दोन आयसी फुकट गेले ते समीकरणावर विसंबल्यामुळे.

& आणि ≥१ बद्दल भांडणार नाही. अँड गेटचा जुना आकार डोळ्यांना पटकन दिसतो, मीही तोच काढतो. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या १९८४ च्या मानकात चौकटींना पहिला मान होता, १९९१ च्या पुरवणीत दोन्ही पद्धतींना सारखाच मिळाला. गेटपुरतं जुनंच बरं. फ्लिपफ्लॉपला (एक बिट धरून ठेवणाऱ्या सर्किटला) मात्र चौकटच हवी. ७४७४ या फ्लिपफ्लॉपमध्ये ‘सी१’ (क्लॉक, म्हणजे ताल देणारा सिग्नल) आणि ‘१डी’ (डेटा) लिहिलेलं असतं : अक्षरानंतर आकडा तो हुकूम देणारा, अक्षराआधी आकडा तो पाळणारा. एस (सेट) आणि आर (रीसेट) यांना आकडाच नाही, म्हणजे ते क्लॉकला विचारत नाहीत.

आणि तुम्ही जाता जाता विचारलंत ते आउटपुटजवळचं ┐ : क्लॉक परत खाली येईपर्यंत आउटपुट बदलणार नाही, अशी ती खूण. साध्या ७४७६ ला (जे आणि के असे दोन इनपुट असलेल्या फ्लिपफ्लॉपला) ती असते. ७४एलएस७६ए ला नसते, कारण तो क्लॉकच्या उतरत्या कडेवर चालतो, म्हणजे क्लॉक खाली येतानाच्या क्षणीच जे, के पाहतो. पिना दोघांच्या सारख्याच, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा बसतो. पण क्लॉक वर असताना जे किंवा के हलत असतील तर दोघांची उत्तरं वेगळी येऊ शकतात.