नळी बसते का ते बघा आधी

सकाळपासून तोच फॉरवर्ड चार ग्रुपवरून येऊन आदळतोय. "भारतीय माणूस चंद्रावर जाईल तो शंभर टक्के स्वबळावर, आम्हाला कुणाच्या कुबड्या नकोत." खाली तिरंगे, फुगवलेले दंड, नमस्कार. पाठवणारे सगळे शिकलेसवरलेले, म्हणून जास्त डोकं फिरलं. २०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर उतरवायचं लक्ष्य २०२३ मध्ये जाहीर झालं, त्याचा आनंद मलाही आहे. पण त्यात "एकट्यानेच" कुणी घुसडलं?

अमेरिकेच्या अपोलो १३ या चंद्रमोहिमेतल्या डब्यांचा किस्सा मी कुणालाही, कधीही ऐकवायला तयार असतो. आज तुम्ही सापडलात.

एप्रिल १९७०. चंद्राच्या वाटेवर ऑक्सिजनची टाकी फुटली. मुख्य यान बंद करून तिघं जण लँडरमध्ये शिरले. लँडर बनवला होता दोघांसाठी, साधारण दोन दिवसांच्या हिशेबाने. त्यात तिघांना चारेक दिवस काढायचे होते. ऑक्सिजन पुरेसा होता. जीव घेणार होता तो उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड. तो शोषायला लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे असतात आणि लँडरमधले डबे संपत आले होते. मुख्य यानात भरपूर शिल्लक होते, पण ते चौकोनी. लँडरची खाच गोल. मुख्य यान नॉर्थ अमेरिकन रॉकवेलचं, लँडर ग्रुमनचा. देश एक, गिऱ्हाईक एक, पैसा एकाच तिजोरीतला, तरी एकाचा डबा दुसऱ्यात बसेना.

मग ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रातल्या इंजिनिअरांनी यानात जे-जे होतं तेवढंच टेबलावर मांडून जुगाड जुळवलं. प्लॅस्टिकची पिशवी, उड्डाणाच्या वहीचा पुठ्ठा, स्पेससूटची नळी, करडी चिकटपट्टी. कृती रेडिओवरून एकेक ओळ वाचून दाखवली: पट्टीचे दोन तुकडे कापा, साधारण तीन फुटी, हातभर लांब. जमलं. कार्बन डायऑक्साइडचा आकडा झरझर उतरला आणि तिघं जिवंत परतले. लोक यातून "जिद्द" काढतात. मला दर वेळी दिसते ती त्या आधीची ढिलाई: कागदावर दोन्ही कंपन्यांसाठी डब्याचं एकच माप ठरवलं असतं तर चिकटपट्टीची पाळीच आली नसती.

हे एका देशात. आता दोन देश घ्या, तेही एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून बसलेले. १७ जुलै १९७५ ला अमेरिकेचं अपोलो आणि सोव्हिएत संघाचं सोयुझ ही यानं अंतराळात जोडली गेली. त्यांचे कमांडर स्टॅफर्ड आणि लिओनोव्ह यांच्या हस्तांदोलनाचा फोटो सगळ्यांनी पाहिलाय. फोटोत न दिसणारी गोष्ट अशी की अपोलोत जवळजवळ शुद्ध ऑक्सिजन, दाब वातावरणाच्या एक तृतीयांश. सोयुझमध्ये आपल्यासारखी साधी हवा, दाबही पूर्ण. सोयुझमधला माणूस सरळ अपोलोत घुसला असता तर रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे झाले असते, पाणबुड्यांना होतात तसे. म्हणून मधे वेगळी खोली बांधली, जिच्यात दाब आणि हवेचं मिश्रण बदलता येईल. शिवाय सोयुझचा दाब ७६० वरून साधारण ५२० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत उतरवला, म्हणजे त्या खोलीत तासन् तास ताटकळायला नको.

आणि जोडणीची कडी. तोपर्यंत एका यानाला खुंटी असायची आणि दुसऱ्याला खोबण. म्हणजे दोन खुंटीवाली यानं समोरासमोर आली तर एकमेकांकडे बघत बसायचं. सोव्हिएत इंजिनिअर व्लादिमीर सिरोम्यात्निकोव्ह आणि अमेरिकन इंजिनिअरांनी दोन्ही बाजूंना सारखीच कडी दिली. कुणीही पुढाकार घ्यावा, कुणीही स्थिर राहावं. आजचं आंतरराष्ट्रीय डॉकिंग मानक, म्हणजे यानं जोडायच्या कडीचं सगळ्यांसाठीचं एकच माप, याच वंशातलं. २०१० मध्ये ते खुलं प्रसिद्ध झालं, कुणीही वाचावं आणि बनवावं. आत यायची वाट ८०० मिलिमीटर. आधी पाकळ्या असलेली मऊ रिंग पुढे येते, सेकंदाला पाच-दहा सेंटिमीटर वेगाने टेकते, धक्का आणि तिरकेपणा जिरवते. मग रिंग आत ओढली जाते, हुकांच्या बारा जोड्या आवळतात, रबरी सील दाबले जातात, गळती तपासतात, दोन्हीकडचा दाब सारखा करतात आणि मगच दार उघडतात. सीलवर कचरा अडकला किंवा दोन यानांच्या तापमानात फार फरक राहिला तर हवा झिरपते. चंद्रावर ही डोकेदुखी वेगळ्याच पातळीची आहे. तिथली धूळ काचेच्या चुऱ्यासारखी धारदार. अपोलोच्या दगडांच्या पेट्यांची सीलंसुद्धा तिने नीट बसू दिली नाहीत.

आपल्या स्पेडेक्सचा, इस्रोच्या डॉकिंग प्रयोगाचा, मला मनापासून अभिमान आहे. १६ जानेवारी २०२५, २२०-२२० किलोचे दोन उपग्रह, सेकंदाला दहा मिलिमीटरच्या वेगाने एकमेकांना टेकवले. पण त्या कडीचा व्यास ४५० मिलिमीटर आणि तिला दोन मोटरी. मानकाच्या कडीला ८०० मिलिमीटर आणि चोवीस मोटरी. तत्त्व तेच, दोन्ही बाजू सारख्या. प्रयोगासाठी ४५० अगदी योग्य. मात्र माणसाला जायचं असेल त्या दिवशीही "आमचं माप आमचं" म्हणत बसलो, तर अडचणीच्या वेळी शेजारून जाणारं यान आपल्याला फक्त हात हलवून दाखवू शकेल.

"आता एवढ्या वर्षांनी असं कुठे होतंय" म्हणणाऱ्यांनी २०२४ आठवा. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर बोइंगच्या स्टारलायनरमधून अंतराळ स्थानकावर गेले, यानाच्या थ्रस्टरांनी, म्हणजे दिशा बदलायच्या छोट्या इंजिनांनी, दगा दिला आणि त्यांना स्पेसएक्सच्या ड्रॅगनमधून आणायचं ठरलं. दोन्ही यानांची डॉकिंगची कडी एकाच मानकाची. आणि स्पेससूट? स्टारलायनरचा सूट ड्रॅगनच्या सीटच्या नळ्यांना जुळतच नव्हता! सुनीताच्या मापाचा एक सूट स्थानकावर सापडला, बुचचा पुढच्या यानातून वर पाठवावा लागला. पुन्हा एकच देश, एकच नासा, दोन कंपन्या. चौकोनी डबा, गोल खाच. पन्नासहून जास्त वर्षांनी!

म्हणून सहकार्य म्हटलं की मला झेंडे आणि परिषदा आठवत नाहीत, नासाच्या ओरायन यानाचं सर्व्हिस मॉड्यूल आठवतं. अमेरिकन माणसांना चंद्राकडे नेऊन परत आणणारा हा भाग युरोपचा, जुळणी जर्मनीतल्या ब्रेमेनमध्ये. ३३ इंजिनं, ८.६ टन इंधन, चार सौर पंख, चौघांचं पाणी आणि ऑक्सिजन त्याच्याच पोटात. मुख्य इंजिन मात्र अमेरिकेच्या जुन्या स्पेस शटलमधून काढलेलं. युरोपने अंतराळ स्थानकाच्या खर्चातला आपला वाटा रोखीऐवजी अशा वस्तूने फेडला. जपानने २०२४ मध्ये करार केला: हवाबंद केबिनची बग्गी आम्ही देतो, आमच्या दोघांना चंद्रावर न्या. कॅनडाचा जेरेमी हॅन्सन नासाच्या आर्टेमिस २ या चंद्रमोहिमेच्या चौघांत निवडला गेला. सीट कुणी प्रेमापोटी देत नाही. ज्याच्यावाचून अडतं त्याला मिळते. याला कुबड्या म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

हो, क्रायोजेनिकचं, म्हणजे अतिथंड इंधनावरच्या रॉकेट इंजिनांचं, मला माहीत आहे. अमेरिकेच्या दबावाखाली रशियाने १९९३ मध्ये तंत्रज्ञान द्यायला नकार दिला, नुसती तयार इंजिनं दिली आणि आपली वर्षं गेली. मान्य. ज्याच्यावर जीव टांगलाय ते बनवता आपल्याला आलंच पाहिजे. पण बनवता येणं वेगळं आणि जगाला न जुळणारं बनवणं वेगळं, एवढं तरी कळू द्या.

आणि हे फक्त आपल्याकडच्या दंडवाल्यांनाच नाही. अमेरिकेच्या संसदेने २०११ पासून नासाला चीनशी थेट व्यवहार करायला बंदी घातली आहे, विशेष परवानगी मिळाली तर गोष्ट वेगळी. चोरीची भीती खोटी नाही, ठीक. पण चीन २०३० च्या आत माणूस उतरवणार म्हणतोय, अमेरिका आणि चीन या दोन्ही गटांचा डोळा दक्षिण ध्रुवाजवळच्या त्याच मोजक्या जागांवर आहे, आणि तिथे एकाच्या सूटचा ऑक्सिजन संपत आला तर दुसऱ्याच्या टाकीची नळी त्याला लागेल का, हे विचारायलाही कुणी समोरासमोर बसत नाही. अंतराळवीरांना मदत करायचा करार १९६८ चा आहे. करार आहे, ॲडॉप्टर नाही!

घड्याळाचंही तेच. चंद्रावरचं घड्याळ पृथ्वीपेक्षा दिवसाला साधारण ५६ मायक्रोसेकंद पुढे पळतं. तेवढ्यात प्रकाश जवळपास १७ किलोमीटर जातो. दोन देशांनी वेळ आपापल्या पद्धतीने मोजली तर एकाच्या उपग्रहावरून दुसऱ्याला आपली जागा नीट सापडायची नाही.

जाऊ दे, फार चिडून लिहिलं. आपलंच चांद्रयान-१ बघा ना. २००८, अकरा उपकरणं, त्यातली सहा बाहेरची. चंद्राच्या मातीत पाण्याच्या खुणा स्पष्ट दाखवल्या त्या नासाच्या उपकरणाने, आपल्या यानावर बसून. तेव्हा कुणाची मान खाली गेली नव्हती. त्या उपकरणाची वीज, डेटाची केबल, बसवायचे बोल्ट, सगळं आधी कागदावर ठरलं होतं म्हणून ते चाललं. २०२३ मध्ये आपण चंद्रावरच्या सहकार्याच्या आर्टेमिस करारावर सही केली, त्यातही सगळ्यांच्या यंत्रणा एकमेकींना जुळाव्यात असं कलम आहे. सहीचा फोटो सगळ्यांनी शेअर केला. कलम कुणी वाचलं?

भारतीय अंतराळ स्थानकाच्या डॉकिंग पोर्टचं रेखाचित्र जेव्हा बाहेर येईल, तेव्हा त्यावर कुठला झेंडा रंगवलाय ते तुम्ही बघा. मी वाटेचा व्यास बघणार, हुक मोजणार, आणि सूटच्या नळीचं टोक कुणाकुणाला बसतं ते विचारणार. तोपर्यंत तो फॉरवर्ड मला पाठवू नका.