ताई, गिटार कोण वाजवणार आहे?

तर तुम्ही चौघींनी ठरवलंय. पंक, म्हणजे कच्च्या, धडाडत्या रॉकचा, बँड काढायचा, सगळ्या बायकाच, आणि कुठल्याही मोठ्या लेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या, दारात उभं राहायचं नाही. झकास. घरी एवढ्यात बोलू नका; 'मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते' हे वाक्य अजून थोडे दिवस चालेल. पण याकडे करिअर म्हणून बघणार असाल तर काही गोष्टी आत्ताच ऐकून ठेवा, म्हणजे दर वेळी नव्याने चिडण्याचे कष्ट वाचतील.

आधी वाद्य. वाजवता येत नाही म्हणता? उत्तम. १९७७ साली एका इंग्लिश फॅन्झिनने, म्हणजे चाहत्यांनी घरी काढलेल्या मासिकाने, गिटारच्या तीन कॉर्डच्या (एकत्र छेडायच्या सुरांच्या) आकृत्या हाताने काढून छापल्या आणि वाचकांना सांगितलं की एवढं पुरे, आता बँड काढा. पंकची राज्यघटना ती एवढीच. त्यातलं एक उपकलम छापायचं राहून गेलं, ते मी सांगते: मुलाला तीनच कॉर्ड येत असतील तर तो संगीताचे नियम झुगारत असतो, तुम्हाला तीनच येत असतील तर तुम्हाला तीनच येतात. म्हणून घाबरून चौथा शिकायला जाऊ नका. तो शिकलात की 'आता तो पहिला कच्चेपणा राहिला नाही' म्हणून हळहळणारी मंडळीही हीच असतील.

लंडनमध्ये १९७६ साली द स्लिट्स हा बँड निघाला तेव्हा गाणारी एरी अप १४ वर्षांची होती. पुढच्याच वर्षी या मुली द क्लॅश या नावाजलेल्या पंक बँडबरोबर दौऱ्यावर होत्या. म्हणजे तुम्हाला तसा उशीरच झालाय. अमेरिकेतल्या ब्रॅटमोबिलची पद्धत आणखी सोपी. त्या आधी नुसतंच 'आमचा बँड आहे' असं सांगत फिरल्या. मग ऑलिंपिया शहरातून १४ फेब्रुवारी १९९१ च्या कार्यक्रमाचं खरोखरच बोलावणं आलं, तेव्हा धावपळ करून गाणी बांधायला घेतली. पंक गाणं लिहायचं कसं, असं एका जाणत्याला विचारलं. तो म्हणाला, न्यूयॉर्कचा रॅमोन्स हा पंक बँड ऐका. गायिका अॅलिसन वुल्फने हिशोब मांडला की पोरांचे बँड रॅमोन्स ऐकूनच गाणी रचत असतील, तर आपण रॅमोन्सच्या वाटेला जायचंच नाही. जाणत्यांच्या सल्ल्याचा याहून चांगला उपयोग मी पाहिलेला नाही. (हा लेखही सल्ल्यांचाच आहे, हे ध्यानात असू द्या.)

नाव ठेवताना वाण्याच्या यादीत डोकावू नका. झुरिकच्या मुलींनी १९७८ मध्ये बँडचं नाव क्लीनेक्स ठेवलं. नाक पुसायच्या कागदांच्या कंपनीला ते झोंबलं, वकिली भाषा सुरू झाली आणि बँडचं लिलिपुट झालं. स्लिट्सची ड्रमर मात्र पामोलिव्ह या नावाने वाजवत राहिली. तिचं खरं नाव पालोमा; द क्लॅशच्या पॉल सिमोननला ते काही जमेना, म्हणून हा साबण. साबणवाले बहुधा पंक ऐकत नसावेत.

आता साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी. इथे जरा बसू या, कारण तुमच्या करिअरचा बराचसा भाग इथेच जाणार आहे.

तुम्ही दोन हातांत अॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज वाढवणारी पेटी, घेऊन मागच्या दाराशी पोचता. दारावरचा विचारतो, "बँडबरोबर आलात का?" तुम्ही म्हणता, आम्हीच बँड. तो तुमच्या खांद्यावरून मागे बघतो. बघू द्या. मागे ड्रमर स्नेअर ड्रम आणि स्टँड कवटाळून उभी असते, तिच्याही मागे बघून होतं, आणि मग नाइलाजाने तुम्हाला आत सोडतात. आत साउंडवाला असतो. तो वाईट नसतो, हे आधीच सांगते. तो मदत करायला आलेला असतो, आणि खरी पंचाईत तीच आहे. "ताई, गिटार कोण वाजवणार आहे?" तो गळ्यात गिटार अडकवलेल्या बाईला विचारतो. मी, असं उत्तर आलं की त्याचा आवाज एकदम मवाळ होतो, दवाखान्यात नर्स बोलते तसा. "आवाज फाटतोय हो." तुम्ही म्हणता, फाटायलाच हवाय. तो हसतो, तुम्ही पाठ वळवता, आणि तो येऊन तुमच्या अॅम्पचा नॉब दोन घरं खाली उतरवतो.

यावर भांडू नका. आमची गिटारिस्ट तीन वर्षं भांडली आणि शेवटी शहाणी झाली. नॉब आधीच दोन घरं जास्त ठेवायचा. तो येईल, सराईत हाताने दोन घरं उतरवेल, आता कसं छान झालं म्हणेल, आणि आवाज बरोबर तुम्हाला हवा तिथे येऊन थांबेल. दोघंही खूश. गाणारीच्या माइकवर तो थोडा घुमारा टाकेल, बायकांचा आवाज गोड लागावा म्हणून. त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही. गाणंच इतकं वेडंवाकडं म्हणा की घुमाऱ्याला लाज वाटेल.

कार्यक्रम संपल्यावर एक गृहस्थ भेटायला येतील. दर ठिकाणी वेगळे असतात, पण दाढी साधारण तीच. ते तुमचं गिटारचा आवाज बदलणारं पेडल तुम्हाला समजावून सांगतील. त्यांना तोडू नका, त्यांच्या हातात केबलचं भेंडोळं द्या. बोलण्याच्या नादात माणूस निम्मं सामान व्हॅनपर्यंत आणून पोचवतो. ड्रमकिटच्या वेळी मात्र त्यांना कुणाचा तरी फोन येतो.

प्रेक्षकांचं काय? पुढे धसमुसळी पोरं, मागे भिंतीला टेकलेल्या पोरी, ही जुनी रचना. बिकिनी किल या अमेरिकन बँडची गायिका कॅथलीन हॅना नव्वदीच्या दशकात मंचावरून सांगायची की मुलींनी पुढे या, आणि त्यांच्या हातात गाण्यांचे कागद द्यायची. (त्या बँडमध्ये गिटार एक पुरुष वाजवत असे, म्हणून काटेकोर लोक त्यांना बायकांच्या बँडच्या यादीतून वगळतात. तो बिचारा गिटार वाजवायचा, दुसरं काही नाही. तसा एक मिळाला तर ठेवून घ्या.) तुम्हीही हे करू शकता. मग ज्यांना दोन पावलं मागे सरकावं लागलं त्यांच्यावर किती अन्याय झाला, याबद्दल तुम्हाला गाण्यांपेक्षा जास्त बोलावं लागेल.

बोलण्यावरून आठवलं, मुलाखती. त्यांची तयारी गाण्यांच्या आधी करा. बायकांच्या बँडमध्ये असणं कसं वाटतं? तुम्ही आपसात भांडता का? घरच्यांचा पाठिंबा आहे का? मुलं झाल्यावरही वाजवणार का? कपड्यांमागचा विचार काय? या पाचांची उत्तरं एका कार्डावर छापून घ्या आणि पत्रकाराला हसतमुखाने द्या, वेळ वाचतो. बेस लाइनबद्दल कुणी काही विचारलंच तर गोंधळू नका, तो चुकून तुमच्या टेबलावर आला असेल. बोलायलाच नकार दिला तर? तेही करून झालंय. ब्रॅटमोबिल, बिकिनी किल यांच्या रायट गर्ल या पंक चळवळीतल्या मुलींनी १९९२ च्या सुमारास माध्यमांशी अबोला धरला. छापून येणं त्याने थांबलं नाही, फक्त त्यांना न विचारता येऊ लागलं.

कपड्यांचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेऊ नका. स्लिट्सच्या १९७९ च्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर त्या तिघी अंगाला चिखल फासून, कमरेला फडकं गुंडाळून उभ्या आहेत. आतलं संगीत रेगे आणि पंकचं असं काही कालवण आहे की ते कुठून सुटं करावं कळत नाही. चर्चा झाली ती चिखलाची, आणि अजून होते. पामोलिव्ह तोवर बँड सोडून गेलेली, त्यामुळे त्यात ड्रम्स वाजवलेत बजी नावाच्या पुरुषाने. त्याने काय घातलं होतं, हे कोणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. चिखल तुमच्या दिशेने आला तर काय करायचं हे एल-सेव्हन या अमेरिकन बँडने दाखवलंय. १९९२ च्या रेडिंग महोत्सवात लोक मंचावर चिखल फेकू लागले तेव्हा त्यांच्या डोनिटा स्पार्क्सने आपला वापरातला टॅम्पॉन काढून गर्दीत भिरकावला. याची शिफारस मी करत नाही. एवढंच सांगते की त्या बँडची आठवण काढणारा माणूस आधी हे सांगतो आणि मग गाण्यांकडे वळतो, वळला तर.

महोत्सवांत तुमच्यासाठी एक जागा राखीव असते. एकच. पोस्टरवर तुमच्या नावाआधी 'महिला बँड' असं लिहितात, पंक, हार्डकोर, मेटल हे जसे प्रकार तसा हाही एक. त्यामुळे तुमची स्पर्धा फक्त गेल्या वर्षी त्या जागेवर वाजवून गेलेल्या बायकांशी.

पैशांबद्दल दोनच वाक्यं. तुमचा धंदा टी-शर्टचा आहे. गाणी ही त्याची जाहिरात.

आणि चुकून फार यश मिळालं तर? लॉस एंजेलिसच्या पंक अड्ड्यांतून निघालेल्या द गो-गोजचा पहिला अल्बम मार्च १९८२ मध्ये बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या अल्बमच्या यादीत पहिला आला आणि सहा आठवडे तिथेच राहिला. स्वतः गाणी लिहिणाऱ्या आणि स्वतः वाद्यं वाजवणाऱ्या बायकांच्या बँडने असं करण्याची ती पहिलीच वेळ. अड्ड्यावरच्या जुन्या सवंगड्यांच्या लेखी मात्र त्या पॉपला विकल्या गेल्या होत्या. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्यांना २०२१ मध्ये आत घेतलं. मधल्या ३९ वर्षांत समिती बहुधा नीट ऐकत असावी.

बँड फुटेलच. कुठे फुटायचं तेवढं ठरवा. ब्रॅटमोबिल १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये भर मंचावर फुटला, आणि मला वाटतं त्यात एक प्रामाणिकपणा होता. तिकीट काढलेल्या लोकांना आधी कळलं.

सगळ्यांना एवढी सवड मिळत नाही. श्रीनगरच्या प्रगाश या बँडमध्ये शाळेतल्या तीन मुली होत्या. डिसेंबर २०१२ मध्ये त्यांनी पहिल्यांदा लोकांसमोर वाजवलं. मग इंटरनेटवर धमक्या आल्या, मुख्यमंत्र्यांचा पाठिंबा आला, मुफ्तींचा फतवा आला. फेब्रुवारी २०१३ च्या पहिल्या आठवड्यात बँड संपलेला होता. यावर सल्ला द्यायला बसले होते, सुचला नाही.

लहान मुलींना दोष देऊ नये म्हणतात, पण लॉस एंजेलिसच्या लिंडा लिंडाज या मुलींच्या बँडने तर आमची सगळी गणितंच बिघडवली. त्यांच्या ड्रमरला वर्गातला एक मुलगा म्हणाला, बाबांनी चिनी लोकांपासून लांब राहायला सांगितलंय. त्यावर बँडचं गाणं झालं. २०२१ मध्ये लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक ग्रंथालयात ते वाजवलं तेव्हा ड्रमर १० वर्षांची होती, आणि त्या चित्रफितीने जग हिंडून आल्यावर लेबल स्वतः दारात आलं. ग्रंथालयात! आम्हाला तर गोदामातही आवाज कमी करा म्हणायचे.

राहता राहिलं निवृत्तीनंतरचं. याचा आराखडा लंडनच्या द रेनकोट्सनी घालून दिलाय. १९७७ मध्ये बँड काढला, १९७९ मध्ये पहिला अल्बम, व्हायोलिनसकट. त्यावर पामोलिव्हच ड्रम्सवर. पाचेक वर्षांनी सगळं थांबलं, रेकॉर्ड बाजारात मिळेनाशा झाल्या. मग १९९२ मध्ये निर्वाणा या अमेरिकन बँडचा गायक कर्ट कोबेन त्यांच्या अल्बमची आपली झिजलेली प्रत बदलायला लंडनमध्ये रेकॉर्ड शोधत फिरत होता. दुकानवाल्यांनी त्याला पत्ता दिला: रेनकोट्सची आना दा सिल्वा जवळच एका नातेवाइकाच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात काम करते, तिथे जा. तो गेला. त्याच्यामुळे जुने अल्बम पुन्हा निघाले, त्याने त्यांवर लिहिलंही. निर्वाणा बँडबरोबर एप्रिल १९९४ चा दौरा ठरला. ५ एप्रिलला तो वारला आणि दौरा झालाच नाही. बायका मात्र एव्हाना पुन्हा वाजवायला लागल्या होत्या, त्या थांबल्या नाहीत. १९९६ मध्ये नवा अल्बम आला.

तेव्हा नोकरी शोधताना रस्त्यावरून दिसेल असं दुकान बघा. काउंटरमागे उभ्या राहा, जुन्या घड्याळांवरची धूळ झटका, आणि दार वाजलं की मान वर करून बघा. बहुतेक वेळा घड्याळाचंच गिऱ्हाईक असेल. अॅम्प तेवढा विकू नका. मागच्या खोलीत ठेवा, नॉब दोन घरं वर.